मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्गाचं नूतनीकरण आणि डिजिटल मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुळाकडेला तिपाई लावून कुणी उभं राहिलं की माणसं थांबतात आणि विचारतात. शेतकरी विचारतात, फाटकावर खोळंबलेले दुचाकीवाले विचारतात, पॉलिटेक्निकची मुलं विचारतात. मोजणीच्या कामात असल्यानं हे प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. जे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुद्दाम आपल्याच मार्गावरची घेतली आहेत, कारण पंचगंगेच्या काठची लाईन आणि कोरड्या माळावरची लाईन यांची मोजणी सारखी नसते.

लाईन तर शंभर वर्षांहून जुनी आहे. मग ती पुन्हा मोजायची कशाला?

जुनी आहे म्हणूनच. या मार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये कोल्हापूरला गाडी आली, तीही मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झालं, अंतर १६७६ मिलिमीटर झालं. अलीकडे वरून विजेची तार आली. दर टप्प्यावर नवे नकाशे निघाले. काही फूट-इंचांत आहेत, काही मीटरमध्ये, आणि मधल्या काळातल्या बारीकसारीक बदलांची नोंद त्यांत असेलच असं नाही.

शिवाय रूळ जागेवर राहत नाही. गाड्यांच्या वजनानं खडी दबते, मग टॅम्पिंग मशीन येतं, रूळ उचलतं, थोडा बाजूला सरकवतं आणि खडी ठोकून बसवतं. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की कागदावरची रेषा आणि प्रत्यक्ष रूळ यांत फरक पडतो. फलाटापाशी हा फरक लगेच कळतो. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असावा लागतो आणि त्याची कड रूळमार्गाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर. म्हणजे आडव्या अंतरात मोकळीक फक्त एका सेंटिमीटरची. रूळ उचलत गेलं की फलाट आपोआप बुटका होतो आणि डब्याची पायरी वर जाते. गाडीत चढताना आजीबाईंना हात द्यावा लागतो, त्यामागं पुष्कळदा हेच कारण असतं.

डिजिटल मोजणीत नेमकं करतात काय?

आधी मार्गाच्या दोन्ही बाजूंना पक्के बिंदू बसवतात. काँक्रीटचा ठोकळा, त्यात पितळी किंवा लोखंडी खूण. त्यांची जागा उपग्रहांवर चालणाऱ्या जीएनएसएस यंत्रानं ठरवतात आणि उंची लेव्हल यंत्रानं, खूण ते खूण चालत जाऊन. यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांचं जाळं आता हाताशी आहे, त्यामुळे पूर्वीइतका वेळ लागत नाही.

त्यानंतर ट्रॉलीवर किंवा रेल्वेच्या वाहनावर लेझर स्कॅनर बसवून पूर्ण मार्गावरून नेतात. स्कॅनर सेकंदाला लाखो किरण सोडतो आणि प्रत्येक किरण जिथं आपटला तिथला एक बिंदू नोंदवतो. रूळ, स्लीपर, खडीचा उतार, विजेचे खांब, तार, फलाटाची कड, पुलाचा कठडा, सगळं बिंदूंच्या रूपात येतं. याला पॉइंट क्लाउड म्हणतात. वरून ड्रोन फोटो घेतो. हे सगळं पक्क्या बिंदूंना जोडलं की संगणकावर मार्गाची त्रिमितीय प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, उभी राहते आणि नवी आखणी तिच्यावर करता येते.

ड्रोन उडवला की काम झालं, असं का नाही?

कारण ड्रोनला जमिनीचा चढउतार कळतो, रुळाचा नाही. १०० मीटरवरून काढलेल्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर सुमारे तीन सेंटिमीटरचा असतो. सगळं नीट जुळवलं तरी उंचीत तीन ते पाच सेंटिमीटरची चूक राहते. भरावाचा उतार, नाल्याची वाट, शेजारची घरं, मातीकामाचा अंदाज यांसाठी ते उत्तम आहे. पण रूळ किती उचलायचा हे मिलिमीटरमध्ये ठरतं. तिथं ट्रॉलीवरचा स्कॅनर आणि टोटल स्टेशन (तिपाईवर लावून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) यांना पर्याय नाही. "आम्ही सगळं ड्रोननंच करून देतो" असं कुणी निविदेत लिहिलं, तर त्याला पहिला प्रश्न उंचीच्या अचूकतेचा विचारा.

उंची नक्की कुठून मोजायची?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भागात उंचीची तीन वेगवेगळी शून्यं एकाच वेळी वापरात असतात. उपग्रहाचं यंत्र उंची सांगतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून. रेल्वेचे नकाशे आणि सरकारी बेंचमार्क (उंची ठरवून ठेवलेल्या कायमच्या खुणा) सांगतात ती समुद्रसपाटीपासून. आणि रोज पावसाळ्यात कोल्हापूरकर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट, इशारा पातळी, ४३ फूट, धोका पातळी", तो आकडा त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आहे. त्याचं शून्य तिथलंच.

पहिल्या दोहोंतला फरकच आपल्याकडे साठ मीटरहून जास्त आहे. एवढा मोठा फरक कुणाच्याही लक्षात येतो, त्यामुळे त्यानं सहसा घात होत नाही. घात होतो तो लहान फरकानं. उपग्रहाची उंची समुद्रसपाटीवर आणणारं गणिती प्रारूप ढोबळ वापरलं आणि तीस-चाळीस सेंटिमीटरची चूक राहिली, तर ती चित्रात दिसत नाही. मॉडेल देखणं दिसतं. रूळ, पूल, भराव सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं, कारण सगळंच सारखं वरखाली झालेलं असतं. फक्त नदी त्यात बसत नाही. पुराची पातळी दुसऱ्या शून्यावरून आलेली असते आणि मॉडेल सांगतं की भराव पुराच्या फूटभर वर आहे, प्रत्यक्षात तो पाण्याच्या रेषेलगत असतो.

म्हणून मी आग्रह धरतो तो असा: बंधाऱ्यावरची मोजपट्टी, रेल्वेचे जुने बेंचमार्क आणि नवे पक्के बिंदू हे तिन्ही एकाच लेव्हलिंगच्या फेरीत बांधून घ्या. उपग्रहावर विसंबून नाही, लेव्हल यंत्र आणि स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) घेऊन, चालत. जाताना एकदा, येताना एकदा. ड्रोन आणि स्कॅनरच्या मानानं हे काम जुनाट वाटतं आणि म्हणून वेळापत्रकात सर्वांत आधी यालाच कात्री लागते. लावू नका.

पुराच्या खुणांचा यात उपयोग होतो का?

खूप होतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर या भागातल्या घराघरांच्या भिंतींवर नोंदलेले आहेत. कुणी रंगानं रेघ मारून तारीख लिहिली आहे, कुणी देवळाच्या खांबावर खूण केली आहे. अशा खुणेपाशी स्टाफ धरायचा, पायथा नीट टेकलाय ना बघायचं, रेघेची वरची कड वाचायची की खालची हे वहीत लिहायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं की ही रेघ पाणी चढलेलं असताना मारली की ओसरल्यावर ओलीवरून. दोन्हींत वीतभर फरक पडू शकतो, कारण ओल भिंतीत वर चढते. एका गावात अशा चार-पाच खुणा जुळल्या की त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

२०१९ च्या पुरात मिरज–कोल्हापूर वाहतूक बंद पडली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही आणि पाणी मागं पसरून दिवसेंदिवस उभं राहतं. त्यामुळे आपल्या भरावाला वाहत्या पाण्याइतकाच उभ्या पाण्याचाही धोका आहे. पाय भिजत राहतो, आणि पाणी झपाट्यानं उतरलं की ओला उतार घसरतो.

रेल्वेच्या भरावामुळेच आमच्या शेतात पाणी तुंबतं असं आम्ही म्हणतो. मॉडेल याचं उत्तर देईल?

देईल, आणि द्यायलाच हवं. दोन्ही बाजूंच्या जमिनीची उंची, भरावाखालच्या प्रत्येक मोरीचं तोंड आणि तळ, नाल्यांचा उतार हे सगळं मॉडेलमध्ये असेल तर पाणी कसं पसरतं याचं गणित संगणकावर चालवून बघता येतं. मोरी एक मीटर रुंद केली तर काय होतं, आणखी एक घातली तर काय होतं, हे बांधण्याआधी कळतं. अट एकच: मोऱ्या आत उतरून मोजलेल्या असाव्यात. बाहेरून अख्खी दिसणारी मोरी आत गाळानं निम्मी भरलेली असते. तिचं नकाशावरचं माप गणितात घातलं तर उत्तर चुकीचं येणार आणि शेतकऱ्याचं म्हणणं खोटं ठरणार. पाणी कुठून शिरतं, किती दिवस राहतं हे गावकऱ्यांकडून ऐकून नकाशावर मांडणं हाही मोजणीचाच भाग आहे.

लेझरनं पंचगंगेच्या पुलाचं पाण्याखालचं मोजता येतं का?

नेहमीच्या स्कॅनरनं नाही. त्याचा अवरक्त किरण पाण्यात शोषला जातो, त्यामुळे नदीच्या जागी मॉडेलमध्ये काळं भोक दिसतं. हिरव्या किरणाचे स्कॅनर पाण्यात शिरतात, पण गढूळ पाण्यात फार खोल जात नाहीत. वळिवडे आणि रुकडीच्या दरम्यानच्या पुलाशी होडीवर ध्वनिलहरींचं यंत्र लावून तळ मोजावा लागतो. खांबाभोवतीची माती किती खरवडली गेली आहे हे त्यातून कळतं. ही मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि पूर ओसरल्यावर एकदा हवी. खड्डा पुरात पडतो आणि नंतर गाळानं भरून येतो, म्हणून फक्त उन्हाळ्यात बघणाऱ्याला तो दिसत नाही.

वळणं दोरीनं मोजायची पद्धत आता संपली का?

संपलेली नाही आणि संपू नये. रूळमार्गावरचे कर्मचारी आजही २० मीटर लांबीची दोरी वळणाच्या रुळाला दोन टोकांना ताणून धरतात आणि मध्यावर दोरी व रूळ यांतलं अंतर पट्टीनं वाचतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ते ५७ मिलिमीटर यायला हवं. एका ठिकाणी ५२, पुढं ६३ असं आलं की वळण बिघडलं आहे हे जागेवरच कळतं, बॅटरी लागत नाही की संगणक लागत नाही.

दोरीची मर्यादा ही की ती वळणाचा आकार सांगते, जागा सांगत नाही. सगळं वळणच हळूहळू बाहेर सरकलं असेल तर व्हर्साइन ठीक येतात. डिजिटल मोजणीत रुळाच्या मध्यरेषेवर सरळ भाग, संक्रमण वळण (सरळ भागातून वळणात हळूहळू नेणारा भाग) आणि मुख्य वळण नव्यानं बसवतात, आणि प्रत्येक ठिकाणी रूळ किती मिलिमीटर डावीउजवीकडे सरकवायचा, किती उचलायचा याचा तक्ता निघतो. तो तक्ता टॅम्पिंग मशीनला देता येतो. तरीही मशीन जाऊन आलं की दोरी लावून बघणारा माणूस हवाच. रोज रुळावरून चालत तो तपासणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला, म्हणजे कीमनला, कुठल्या जागी गाडी हबकते, कुठल्या मोरीवर खडी खाली बसते हे पाठ असतं. त्याच्याशी बोलल्याशिवाय सुरू झालेली मोजणी मला अपुरी वाटते.

मोजणी कधी करावी?

ऊस तुटल्यावर आणि पाऊस पडायच्या आधी, म्हणजे मार्च ते मे. हातकणंगले, जयसिंगपूरच्या पट्ट्यात रुळाला लागूनच ऊस आहे. उभ्या उसात लेझरचा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही आणि दहा फूट उंचीचा फड मॉडेलमध्ये जमीन म्हणून येतो. नाले, बांध, मोरीची तोंडं सगळी झाकली जातात.

उन्हाळ्याच्या दोन अडचणी आहेत. दुपारी खडी तापली की हवा थरथरते आणि लांबचं वाचन बिघडतं, म्हणून सकाळी लवकर काम उरकायचं. दुसरी म्हणजे पाचट. फडात पाचट पेटवलं की धुराचे कण बिंदू म्हणून नोंदले जातात. आदल्या दिवशी गावात फिरून कुणाचं पाचट पेटणार आहे हे विचारून घेतलेलं बरं.

रुळाखालची माती दिसते का या मोजणीत?

स्कॅनरला नाही. त्यासाठी जमिनीत शिरणारं रडार वापरतात. खडी किती खोलवर मातीनं भरली आहे, पाणी कुठं साचून राहतं याचा अंदाज त्यातून येतो. आपल्याकडं पूर्वेकडच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते, आणि दर वर्षी थोडी खडी तिच्या पोटात जाते. वर कितीही खडी टाका, दोन पावसाळ्यांत रूळ परत बसतो. अशा जागी जुना भराव काढून मुरमाचा थर देणं आणि पाण्याला वाट करणं हाच उपाय. रडारनं संशय आला तरी खड्डा खणून डोळ्यांनी माती बघावीच.

माझ्या बांधावर खुंटी मारली आहे. जमीन जाणार का?

नुसती खुंटी मारली म्हणून जमीन जात नाही. मोजणीसाठीचा पक्का बिंदू आणि भूसंपादनाची हद्द या वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन घ्यायची तर कायद्यानं नोटीस यावी लागते आणि भूमी अभिलेख खात्याची संयुक्त मोजणी व्हावी लागते. ड्रोनच्या फोटोवर आखलेली रेघ म्हणजे हद्द नव्हे. जुने गावनकाशे ३३ फुटी, सोळा आण्यांच्या साखळीनं मोजलेले आहेत. ते फोटोवर ठेवले की कुठं ना कुठं सरकतात, आणि हा तिढा मोजणी अधिकारीच सोडवू शकतो. तुमचा सातबारा, फाळणी नकाशा जवळ ठेवा. मोजणीवाले आले की त्यांचं पत्र मागा, ते दाखवणं त्यांचं काम आहे. मात्र खुंटी उपटू नका, ती हलली तर आजूबाजूचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

कोल्हापूर स्टेशनजवळच्या परीख पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतं. त्याचं काही होईल?

तो पूल रुंद करायचा की नाही हा निर्णय मोजणीचा नाही. पण अशा जागी मॉडेलचा फायदा जास्त होतो, कारण वर रूळ, खाली रस्ता, मध्ये गटारं, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या वाहिन्या असं सगळं एकमेकांच्या अंगावर आहे. रस्ता खोल केला तर गटाराचा उतार उरतो का, हे आधी तपासता येतं. महापालिकेकडची वाहिन्यांची माहिती आणि रेल्वेची मोजणी एकाच मॉडेलमध्ये आली, तरच हे शक्य आहे.

मोजणीसाठी गाड्या बंद ठेवतात का?

बहुतेक वेळा नाही. स्कॅनर ट्रॉलीला दोन गाड्यांच्या मध्ये थोडा वेळ मिळाला तरी पुरतो. पण लाईन एकेरी आहे, त्यामुळे ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) मिळणं अवघड असतं आणि मिळालेलं प्रत्येक मिनिट मोलाचं. डिजिटल पद्धतीचा मोठा गुण इथंच आहे: माणसं रुळावर कमी वेळ राहतात. वर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिच्यापासून दोन मीटरच्या आत माणूस किंवा अवजार जाता कामा नये, म्हणून धातूचा लांब स्टाफ उभा धरायचा नाही. गाडी येते का बघणारा माणूस स्वतंत्र असावा, त्याच्या हातात दुसरं कुठलंही काम देऊ नये.

ड्रोनला परवानगी लागते का?

रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची लागतेच. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. कोल्हापूरच्या बाजूचा बराचसा मार्ग या कक्षेत येतो. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

नकाशावरचं अंतर आणि रुळावरचं अंतर जुळत नाही. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना माप बदलतं. आपल्या पट्ट्यात, यूटीएम या नकाशा मांडायच्या पद्धतीच्या ४३ व्या विभागात, समुद्रसपाटीपासूनची उंचीही धरली तर किलोमीटरला सुमारे ४० सेंटिमीटर कमी येतात. मिरजेपर्यंत हा फरक वीसेक मीटरवर जातो. स्लीपर, रूळ, खडी यांची मोजदाद करताना प्रत्यक्ष जमिनीवरचंच अंतर घ्या. कोणतं अंतर वापरलं हे प्रत्येक नकाशावर लिहा.

कोल्हापूर–वैभववाडी मार्गालाही हेच चालेल का?

तिथलं काम वेगळं. शंभर किलोमीटरच्या थोड्या पुढचा तो प्रस्तावित मार्ग सह्याद्री उतरून कोकणात जाणार, आणि तिथं रूळच नाही, म्हणून मोजायची ती जमीन. दाट झाडीतून जमिनीपर्यंत पोचणारा हवाई लेझर, दरडींचा अभ्यास आणि बोगद्यासाठी खडकाची तपासणी यांना तिथं पहिलं स्थान.

या क्षेत्रात यायचं असेल तर मुलांनी काय शिकावं?

सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं, ते कामावर शिकता येतं. आधी लेव्हलिंग हातानं करा, वही भरा, फेरी जुळत नाही तोवर घरी जाऊ नका. त्रुटींचं गणित शिका. मग टोटल स्टेशन, जीएनएसएस, पॉइंट क्लाउड. कोल्हापुरात डिप्लोमा आणि डिग्री दोन्हींची सोय आहे. सुट्टीत एखाद्या मोजणीवाल्याबरोबर स्टाफ धरायला गेलात तरी पुष्कळ शिकाल.

काम झाल्यावर मॉडेलचं काय करायचं?

जपायचं आणि ताजं ठेवायचं. टॅम्पिंग झालं, मोरी बदलली, खांब हलवला की त्याची नोंद त्याच मॉडेलमध्ये व्हायला हवी. पक्क्या बिंदूंची यादी, प्रत्येकाचा फोटो आणि उंची कोणत्या शून्यापासून आहे हे मार्गाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याच्या कार्यालयात छापील स्वरूपातही असावं. पुढचा पूर ओसरला की पहिल्याच आठवड्यात त्या बिंदूंवरून एक फेरी मारा. कोणता बिंदू खचला, कोणता टिकला हे तेव्हाच कळतं, नंतर चिखल वाळतो आणि खुणा धुतल्या जातात.